रविवारी जेवणाआधी

रेव्हरंड शिवराज रणपिसे यांचा सत्कार करायचा तर तो त्यांच्या नकळतच करावा लागणार, हे हैदराबादच्या मराठी मंडळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अडतीस वर्षं ते कोठीजवळच्या त्या छोट्या दगडी चर्चचे पाळक होते, आणि अडतीस वर्षांत त्यांनी गळ्यात एकही हार पडू दिला नव्हता. निवृत्तीची तारीख ठरली तेव्हा कमिटीने निरोप समारंभाचा विषय काढला. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "शेवटच्या रविवारी उपासना होईल, दारात सगळ्यांशी हात मिळवीन आणि संध्याकाळच्या गाडीने मी आणि सुलभा नगरला लेकीकडे जाऊ. समारंभ कसला त्यात?"

झालं. विषय संपला असं त्यांना वाटलं. कमिटीचा सेक्रेटरी सारंग याच्या डोक्यात मात्र त्याच क्षणी तो सुरू झाला. सारंग तीन वर्षांपूर्वी पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेला, हुशार, उत्साही, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचा रंगीत तक्ता केला की ती पार पडते असं मनापासून मानणारा. "सरप्राइज देऊ," तो म्हणाला. "साडेअकराला उपासना संपेल. पावणेबाराला मी त्यांना गाडीत बसवीन. सांगेन, हिमायतनगरात एका नव्या कुटुंबाने घरप्रार्थना ठेवलीय. बारा वाजता हॉलमध्ये एंट्री. सिंपल!" पाळकीणबाईंनाही त्याने कटात ओढलं. त्या म्हणाल्या, "मला खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं." तेवढं पुरे होतं.

तर त्या रविवारी सकाळी आठपासून हिमायतनगरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आठ घरांतली माणसं घाम गाळत होती. कुणी झेंडूच्या माळा चढवत होतं, कुणी खुर्च्या पुसत होतं. मागच्या अंगणात चतुराबाईंनी चूल पेटवली होती. चतुराबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मंडळीतली तीन पिढ्यांची लग्नं त्यांच्याच हातचं खाऊन लागली होती. आज बगारा खाना, दालचा आणि डबल का मीठा असा बेत होता, आणि झाकण उघडून बघणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पळी बसत होती.

विनय खुर्च्या लावत होता आणि त्याची बायको अपर्णा भालेराव व्यासपीठावर पाट मांडून त्यावर मानपत्र लिहीत होती. हे काम तिच्याकडे येणार हे उघडच होतं. ती जामबागेतल्या शाळेत मराठी शिकवायची. वर्गात मुलं मोजून सात. मंडळीतल्या तरुणांना मराठी बोलता येई, भांडता येई, पण वाचायचं म्हटलं की ती पाणी प्यायला उठत. त्यामुळे मानपत्र लिहायचं अपर्णानेच आणि वाचायचंही तिनेच. तिने टाकाने सुंदर वळणदार अक्षरांत सगळं उतरवलं होतं: रुग्णालयांतली जागरणं, लावलेली लग्नं, पुराच्या वर्षी चर्चमध्ये आसरा दिलेली कुटुंबं. शेवटी मात्र चार ओळींची जागा कोरी होती.

त्या चार ओळी तिला आठवडाभर लिहिता आल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर पंचवीस वर्षं लिहिता आल्या नव्हत्या. तिच्या वडिलांनी जाताना तिच्याकडे पाळकसाहेबांसाठी एक निरोप दिला होता, आणि तिने तो आजवर पोचवला नव्हता. आज संध्याकाळी ते गाडीत बसणार. आज नाही तर कधीच नाही, हे तिला चांगलं कळत होतं, आणि कळत असूनही टाक शाईत बुडवून ती नुसती बसून राहिली होती.

बारा वाजून गेले. सव्वाबारा झाले. साडेबाराला उपासनेची माणसं बसने येऊन हॉलमध्ये बसली, गायन मंडळ रांगेत उभं राहिलं, पाहुणे बिशप पहिल्या रांगेत पंख्याखाली सरकले, आणि दारातून सारंग एकटाच आत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाळकसाहेब कुठायत?" अपर्णाने विचारलं.

"मी गाडी काढायला गल्लीत गेलो," सारंग म्हणाला. "पाच मिनिटं फक्त. परत आलो तर ते नाहीत. त्यांची स्कूटर पण नाही. मी सगळीकडे शोधलं. फोन लावला तर पाळकीणबाईंच्या पर्समध्येच वाजला! रविवारी ते फोन घेतच नाहीत म्हणे. तक्त्यात हे नव्हतं."

"दारात हात मिळवताना काही म्हणाले का?"

"माझा हात धरला आणि विचारलं, आज चतुराबाई नाहीत, मंदारचं कुटुंब नाही, शिरसाट नाहीत, अपर्णा आणि विनय नाहीत. आठ घरं नाहीत, सगळी बरी आहेत ना? मी म्हटलं, असतील कुठेतरी बिझी."

मग मागच्या दारातून चतुराबाईंचा आवाज आला. "अगं बाई! आपण आठ घरं सगळी इथं कायकू येऊन बसलो?"

अडतीस वर्षं सगळे दर रविवारी पाहत होते आणि नेमकं आज सगळे विसरले होते. पाळकसाहेबांचा एक नियम होता. रविवारी उपासनेनंतर ते दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत. जो दिसला नाही, त्याच्या घरी ते त्याच दुपारी जात, आणि जेवणाआधी जात. गैरहजर माणसाला भेटल्याशिवाय ते घास घेत नसत. पाळकीणबाईंनी संसारात गरम जेवण किती रविवारी वाढलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. असं असताना या शहाण्यांनी त्यांच्याच सत्काराच्या तयारीसाठी एकदम आठ घरं उपासनेतून गायब केली होती. आता ते आठ कुलुपं ठोठावत भर उन्हात हैदराबादभर हिंडणार होते, आणि तेही सत्तरी ओलांडल्यावर, उपाशीपोटी.

"परत येतील ते घरी," कुणीतरी म्हणालं.

"आठही घरं झाल्याशिवाय?" पाळकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "शिरसाट उप्पलला राहतात. चार वाजतील. साडेपाचला आम्हाला स्टेशनवर असायला हवं."

अपर्णाने मानपत्राची गुंडाळी केली, पिशवीत घातली, टाक आणि शाईची बाटलीही घातली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. "मी जाते," ती म्हणाली आणि स्कूटीची चावी शोधू लागली. चतुराबाईंनी पळी सारंगच्या हातात दिली. "दालचा ढवळत राहा. खाली लागला तर नगरपर्यंत वास जाईल," असं बजावून त्या पदर खोचत अपर्णाच्या मागे निघाल्यासुद्धा.

"तुम्ही कुठे, चतुराबाई? तुमचा गुडघा!"

"गुडघ्याला काय करायचं, तो मागे बसणार. तू चालव."

पहिलं घर चतुराबाईंचंच, जामबागेत. अरुंद गल्लीत स्कूटी वळली तोच दार दिसलं, आणि दाराच्या कडीत खोचलेली कागदाची घडी. उपासनेच्या छापील कागदाचा फाडलेला तुकडा होता. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: "चतुराबाई, आलो होतो. गुडघ्याने उचल खाल्ली का? उन्हात बाहेर पडू नका. शि." समोरच्या दुकानातले चाचा ओरडले, "अब्बीच गए, अम्मा! पाव घंटा हुआ. पानी पूछा तो नक्को बोले."

चतुराबाईंनी चिठ्ठी दोन वेळा वाचून घेतली, म्हणजे अपर्णाकडून वाचून घेतली, आणि घडी करून चोळीत ठेवली. "एवढ्या उन्हात माझ्या गुडघ्याची चौकशी करत आले आणि मी तिथं पळी फिरवत बसले," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम चढला. "चल गं पोरी! बघत काय राहिलीस? अॅक्सिलेटर पिळ!"

आता कुणी तो पाठलाग पाहिला असता तर हसूनच बेजार झाला असता. पुढे हेल्मेट घातलेली बाई, मागे नऊवारीचा घोळ सावरत बसलेल्या चतुराबाई, आणि प्रत्येक सिग्नलवर चतुराबाईंचं एकच, "निळी स्कूटर दिसली का हो? म्हाताऱ्या पाळकाची?" नारायणगुड्याच्या चौकात एका ट्रॅफिक पोलिसाने हात करून दिशासुद्धा दाखवली. म्हणाला, ते नेहमीचे आहेत, दर रविवारी याच वेळेला जातात. चतुराबाईंचा ऊर भरून आला. "बघ, पोलिसालाही माहिती, आणि आपल्या कमिटीला नाही!"

मंदारचं घर हिमायतनगरातच, हॉलपासून तीन गल्ल्यांवर. वॉचमन म्हणाला, पास्टरगारु दहा मिनिटांपूर्वी गेले. दारावर चिठ्ठी: "मंदार, बाळाला ताप नाही ना? चार वाजता पुन्हा येतो." साडेपाचला स्टेशनवर पोचायचं, आणि हा माणूस चार वाजता पुन्हा येणार होता. शेवटच्या दिवशी, एका बाळाच्या न आलेल्या तापासाठी.

"आता उप्पल?" चतुराबाईंनी विचारलं.

"उप्पल लांब आहे. लांबचं ते शेवटी ठेवतील." अपर्णाने स्कूटी सुरू केली आणि तिच्या लक्षात आलं की या रस्त्याने उप्पलकडे जाताना मध्ये कोण राहतं. बरकतपुरा. ती स्वतः.

ज्या दारात आपण जाऊन त्यांना गाठणार, ते दार कुठलं आहे, हे तिला उमगलं. त्या दारात ते आज पहिल्यांदा उभे राहणार नव्हते.

पहिल्यांदा ते त्या दारात आले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तिचे वडील, अविनाश भालेराव, मंडळीचे पेटीवादक. एका नाताळला तरुण पोरांनी गिटार आणि ड्रम आणले, पाळकसाहेबांनी हो म्हटलं, आणि जागा करायला कुणीतरी पेटी कोपऱ्यात सरकवली. एवढंच. बाबा भर उपासनेतून उठले, बायकोमुलीला घेऊन घरी आले आणि म्हणाले, या चर्चचं तोंड पाहणार नाही. पुढच्या रविवारी दुपारी पाळकसाहेब आले. बाबांनी दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ते आले. दार उघडलं नाही. दोन वर्षं. दर रविवारी पाळकसाहेब दार ठोठावत, वाट पाहत, मग पायरीवर उभं राहून मोठ्याने प्रार्थना करत आणि जात. अपर्णा आणि आई स्वयंपाकघरात लाजेने मान खाली घालून बसत. बाबा पुढच्या खोलीत काय करत, ते पाहायला त्या जात नसत.

मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. आईने दार उघडलं, पाळकसाहेब आत येऊन खाटेपाशी बसले, पण बाबांची वाचा गेली होती. पुढे थोडे शब्द परत आले, तुटके. त्या तुटक्या शब्दांत त्यांनी अपर्णाला सांगितलं: "त्यांना सांग. दर रविवारी मी दाराच्या आत उभा असायचो. कडीवर हात. आमेन मी पण म्हणायचो." दोन दिवसांनी ते गेले. दफनविधीला पाळकसाहेबांनीच प्रार्थना केली. सांगायचं तर तेव्हाच. पण तिला वाटलं, काय सांगू? की तुम्ही उन्हात उभे होतात, माझे वडील आत हातभर अंतरावर होते, आणि तरी कडी निघाली नाही? ती गप्प राहिली, आणि गप्प राहायची तिला सवयच झाली.

बरकतपुऱ्याच्या वळणावर निळी स्कूटर दिसली. फाटकापाशी, सावलीत लावलेली.

चतुराबाई ओरडणार होत्या. अपर्णाने मागे हात नेऊन त्यांचा हात दाबला. चतुराबाई आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्याबरोबर गप्प बसल्या.

पाळकसाहेब पायरीवर उभे होते. डोळे मिटलेले, पांढरा झब्बा पाठीला घामाने चिकटलेला. दाराला कुलूप होतं आणि ते त्या कुलपासमोर हात जोडून म्हणत होते, "हे प्रभू, अपर्णा आणि विनय आज दिसले नाहीत. ती दोघं जिथे असतील तिथे सुखी ठेव. काही दुखत असेल तर तू जवळ राहा, कारण उद्यापासून मी इथे नाही."

अपर्णा फाटकातून आत आली. चपलांचा आवाज होऊ न देता, दोन पायऱ्या खाली थांबली. प्रार्थना संपली तशी तीच म्हणाली,

"आमेन."

पाळकसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू पसरलं. "या दारात आमेन नेहमी आतून यायचं," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा बाहेरून आलं."

अपर्णा पायरीवर मटकन बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या बाबांचा आवाज मला माहीत नसेल? आणि दाराखाली ही एवढी फट होती तेव्हा." त्यांनी दोन बोटं दाखवली. "त्यांचे पाय दिसायचे. ठोठावलं की लगेच यायचे. ज्याला मी नको असतो, तो दारापर्यंत कशाला येईल? पाय दिसायचे थांबले असते तर मीही थांबलो असतो."

"त्यांनी निरोप दिला होता तुमच्यासाठी. मी दिलाच नाही. पंचवीस वर्षं."

"आज दिलास ना?" ते तिच्या शेजारी पायरीवर टेकले. "मग झालं. तू बरी आहेस ना? आज का नव्हतीस?"

तेव्हा अपर्णा रडता रडता हसायलाच लागली. काय सांगणार? फाटकापाशी चतुराबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. "बरी आहे ती! मी पण बरी आहे! सगळी आठ घरं धडधाकट आहेत आणि एका जागी आहेत, पाळकसाहेब. उप्पलला जायचं नाव काढलंत तर स्कूटरची हवा सोडीन!"

पाळकसाहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना सगळं कळलं. चेहरा जरा कठोर झाला. "सत्कार आहे. मी नको म्हटलं होतं, अपर्णा."

"सत्काराला येऊ नका," अपर्णा उठत म्हणाली. "आठ गैरहजर घरं तिथं बसलीत. त्यांना भेटायला या. तुमचाच नियम आहे."

अडतीस वर्षांत मंडळीने त्यांना पहिल्यांदा पकडलं होतं, आणि तेही त्यांच्याच नियमात. ते हसत उठले. निघण्यापूर्वी त्यांनी विचारलं, "मानपत्र तूच लिहिलंस ना? अक्षर बघू." तिने गुंडाळी उलगडली. त्यांनी कोऱ्या चार ओळींवर बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"लिहू का?" तिने विचारलं. "सगळ्यांसमोर वाचू?"

"लिही. माझ्या कौतुकाच्या दोन-चार ओळी खोड हवं तर, पण अविनाशरावांचं आमेन राहू दे. फार दिवस ते दाराआड राहिलं."

तिने कुलूप काढलं. बाबा जिथे उभे राहत तिथेच, दारामागच्या छोट्या टेबलावर, तिने चार ओळी लिहिल्या. तेवढ्यात चतुराबाईंनी घरात जाऊन माठातलं पाणी आणलं. पाळकसाहेब ते तिथे पायरीवरच प्यायले.

हॉलमध्ये ते शिरले तेव्हा टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. गायन मंडळ ठरलेल्या गाण्याऐवजी गोंधळून दुसरंच गाऊ लागलं, बिशप उभे राहिले, सारंगच्या हातात अजून पळी होती आणि डोळ्यांत पाणी. म्हणाला, धुराने आलं. पाळकसाहेबांनी पुढे आलेला हार हातात घेतला, गळ्यात घातला नाही, माईकला अडकवला आणि आठ घरांपाशी गेले. प्रत्येकाचा हात धरला. मंदारच्या बाळाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ते बाळ चांगलं गारेगार होतं आणि त्यांचा चष्मा ओढत होतं. शिरसाटांना विचारलं, विनयला विचारलं.

मग अपर्णाने मानपत्र वाचलं. आधीच्या ओळींना लोक टाळ्या देत होते. शेवटच्या चार ओळींना कुणी टाळी दिली नाही. तिने वडिलांचं नाव घेतलं, बंद दार सांगितलं, कडीवरचा हात सांगितला. लाज वाटेल असं तिला पंचवीस वर्षं वाटत आलं होतं. वाटली नाही. शेवटचा शब्द तिने वाचला आणि सव्वादोनशे माणसांनी तो तिच्या पाठोपाठ म्हटला, इतक्या मोठ्याने की मागच्या अंगणात चुलीपाशी असलेल्यांनीही म्हटला.

पाळकसाहेबांना भाषण करायला सांगितलं. ते माईकपाशी आले, हार जरा बाजूला सरकवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. हॉलभर नजर फिरवत राहिले. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, मग व्यासपीठावर, मग मागच्या दारात उभ्या असलेल्या चतुराबाईंपर्यंत.

"आज न भेटलेलं कुणी राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अपर्णाने मान हलवली. "नाही, पाळकसाहेब. कुणीच नाही."

"मग वाढा," ते म्हणाले. "मला फार भूक लागलीय."